रेंगाळलेले गलबत

लांबलेल्या गोष्टीविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, ही संपत कशी नाही. आणि दुसरी, ही संपली म्हणजे पुढे आपण काय करावे. मौज अशी की या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच माणसाच्या असतात, आणि त्या करताना आपण परस्परविरुद्ध काही बोलत आहो असे त्या माणसाला वाटतही नाही. आम्ही स्वतः गेली बारा वर्षे या दोन्ही तक्रारी आलटून पालटून करीत आलो आहो. तेव्हा आमचे म्हणणे नेमके काय आहे, हे एकदा कागदावर मांडून पाहावे असे मनात आले.

ज्या गोष्टीमुळे हा विचार सुचला ती जपानची आहे. एइचिरो ओदा या चित्रकथाकाराने १९९७ च्या जुलैत ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात ‘वन पीस’ नावाची चित्रकथा लिहावयास व रेखाटावयास आरंभ केला. तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे. पाचएक वर्षांत गोष्ट आटोपेल असा त्याचा प्रारंभीचा अंदाज होता. ती अजून चालू आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात तिचे चलच्चित्र झाले. तिकडे या प्रकाराला ॲनिमे म्हणतात. आठवड्यास एक भाग याप्रमाणे ते दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात त्याचा हजारावा भाग झाला. मूळ पुस्तकांच्या जगभर निघालेल्या प्रतींची संख्या २०२२ साली पन्नास कोटींच्या पलीकडे गेली. इतक्या लोकांना वेड लावणारी वस्तू पोरकट म्हणून बाजूस सारावी असे ज्या वाचकांस वाटत असेल, त्यांनी हा लेख येथेच सोडला तरी आमचा राग नाही. मात्र आमच्या लहानपणी कादंबरी वाचणाऱ्या मुलांविषयीही वडील माणसे असेच बोलत, एवढे त्यांच्या कानावर घालून ठेवतो.

कथा सांगावयास सोपी आहे. लुफी नावाच्या एका पोराला चांच्यांचा राजा व्हावयाचे आहे. एक अद्भुत फळ खाल्ल्याने त्याचे अंग रबरासारखे ताणले जाते आणि डोक्यावर एक जुनी गवती टोपी असते. त्याच्याभोवती हळूहळू एक मेळा जमतो. तीन तलवारी बाळगणारा झोरो, नकाशे काढणारी नामी, थापा मारण्यात पटाईत असलेला भित्रा नेमबाज उसोप, आचारी सांजी, हरणाच्या जातीचा चिमुकला वैद्य चॉपर, शिलालेख वाचणारी रॉबिन, गलबते बांधणारा फ्रँकी, केवळ हाडांचा सापळा उरलेला वादक ब्रूक आणि शेवटी सुकाणू धरणारा जिंबे. प्रत्येकाचे एक जुने दुःख आणि प्रत्येकाचे एक पुढचे स्वप्न. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावयाचे, तेथील जुलमी माणसाचा पाडाव करावयाचा, मेजवानी झोडावयाची आणि शीड उभारावयाचे. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की मनुष्य त्या गलबतावरचा उतारू होऊन जातो.

आम्ही या गलबतावर चढलो ते २०१३ च्या मे महिन्यात. आमचा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. सुटीत सांगलीस आमच्याकडे राहावयास आला तो ही चित्रे बरोबर घेऊनच आला. शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर सकाळी वर्तमानपत्र वाचावयास आमच्या ओसरीवर येत. तेही एके दिवशी थबकले, आणि मग वर्तमानपत्र बाजूस राहून गेले. खालची इंग्रजी अक्षरे त्यांच्या डोळ्यांस झेपत नसत, म्हणून भाचा मराठीत सांगत जाई. रोज तीन-चार भाग, पुढच्या सुटीत पुन्हा तितकेच, मधल्या रविवारी जमेल तसे. असे करीत २०१५ च्या दिवाळीत आम्ही तिघे चालू भागापाशी येऊन पोहोचलो, आणि इतर जगाप्रमाणे आम्हांसही आठवड्यातून एकदाच शिधा मिळू लागला.

तोपर्यंत आम्हांस ही गोष्ट संथ आहे याचा पत्ताही नव्हता. आधी साठलेले भाग पाहताना एक कंटाळवाणा निघाला तर त्याच्या पाठीस पाठ लावून दुसरा पाहता येतो आणि पहिल्याचा विसर पडतो. आठवडाभर वाट पाहिल्यावर जेव्हा ताटात एकच घास पडतो, तेव्हा भूक म्हणजे काय ते कळते. त्या वेळी ड्रेसरोझा नावाच्या बेटावरचे पर्व चालू होते. डोफ्लामिंगो नावाच्या क्रूर राजाने सगळ्या शहरावर तारांचा एक प्रचंड पिंजरा घातला आहे, तो हळूहळू आवळत चालला आहे, आत सापडलेली माणसे मध्यभागाकडे धावत आहेत. लुफीने आपली सारी शक्ती खर्चून टाकली आहे आणि ती परत यावयास दहा मिनिटे हवी आहेत. ही दहा मिनिटे त्याच्या मित्रांनी कशीबशी निभावून न्यावयाची. कल्पना उत्तम आहे. परंतु ती दहा मिनिटे २०१६ च्या आरंभी आठवड्यांमागून आठवडे संपेनात. पोस्टमास्तरांनी एका रविवारी मनगटावरचे घड्याळ सोडून पुढ्यात ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “आमची मनिऑर्डरसुद्धा याहून लौकर पोचत असे.”

भाच्यास हिशेबाची आवड. मूळ चित्रकथा तो वाचत असे. आम्ही दोघे वाचीत नसू. त्याने एक दिवस पाटीवर आकडे मांडून दाखविले. आरंभी मूळ कथेची ९५ प्रकरणे ४४ भागांत बसली होती, म्हणजे भागास दोन प्रकरणांहून अधिक. ड्रेसरोझाच्या १०२ प्रकरणांना ११८ भाग लागले. म्हणजे भागास एक प्रकरणही पुरते नाही. पहिल्या गतीने चालले असते तर जे एका वर्षात आटोपावयाचे, त्यास २०१४ च्या जानेवारीपासून २०१६ च्या जूनपर्यंतचा काळ लागला.

असे का झाले याचे कारण गूढ नाही. मूळ कथेचे साप्ताहिक प्रकरण सुमारे सतरा पानांचे. वाचणारा ते दहा मिनिटांत संपवील किंवा एका चित्रावर अर्धा तास रमेल. काळ त्याच्या हाती आहे. चलच्चित्राचा भाग मात्र ठरलेल्या चोवीस मिनिटांचा, आणि तो दर आठवड्यास हवाच. चित्रशाळा वेगाने निघाली तर ती लेखकास गाठील, आणि लेखकाने जे अजून लिहिलेच नाही ते ती कोठून आणणार? या पेचातून सुटण्याचे दोन-तीन मार्ग त्या धंद्यात रूढ आहेत. एक, मूळ लेखकाची वाट पाहता पाहता आपल्या पदरच्या उपकथा घुसडाव्या; ‘नारुतो’ नावाच्या मालिकेने २००७ च्या आधी बराच काळ असाच काढला, आणि तिचे प्रेमीही त्या दिवसांचे नाव निघताच कपाळास आठ्या घालतात. दुसरा, सरळ थांबावे. ‘ब्लीच’ ही २०१२ साली थांबली आणि उरलेली कथा सांगावयास २०२२ साली परत आली. ‘वन पीस’च्या वाट्यास मुख्यतः तिसरा मार्ग आला, आणि तो म्हणजे आहे तेच कणीक लाटून लाटून अधिकाधिक मोठे करीत जाणे.

ही लाटण्याची कृती एकदा नीट पाहिली म्हणजे मग ती डोळ्यांसमोरून हालत नाही. आरंभीचे गीत अडीच मिनिटांचे होते. शेवटचे गीत २००६ मध्ये काढून टाकले होते, ते २०२४ च्या जानेवारीत परत आले. गीतानंतर मागील आठवड्याची उजळणी. मग मागील आठवड्याचा शेवटचा प्रसंग पुन्हा एकदा. मग कोणी एक योद्धा गर्जना करतो, आणि त्या गर्जनेने चकित झालेले चेहरे एकामागून एक दाखविले जातात. प्रत्येकाच्या कपाळावर घामाचा एक थेंब. कोणी धावत असेल तर तो पुष्कळ वेळ धावत राहतो. पोस्टमास्तर म्हणत की या लोकांचे पाय पाहून पाहून आता आपल्याला चपलांची मापे सांगता येतील. दूरदेशीच्या काही रसिकांनी तर चक्क कात्री हातात घेतली आणि हे सारे वगळून आपल्यापुरत्या आटोपशीर आवृत्त्या तयार केल्या. प्रेमाशिवाय असली मजुरी कोणी करीत नाही.

येथे कोणी म्हणेल की तुम्हां आधुनिक लोकांना धीर नाही, सर्वच झटपट पाहिजे. हा आरोप आम्ही मुळीच मान्य करणार नाही. आम्ही मिरजेच्या शेजारी राहतो. तेथे दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते, आणि ज्याने तेथे रात्र जागवून विलंबित ख्याल ऐकला आहे त्याला संथपणाचे वावडे असणे शक्य नाही. विलंबितात दोन मात्रांमधील अंतर मोठे असते, पण ते रिकामे नसते. गवई त्यात स्वरास हात धरून चालवीत असतो. सम दूर आहे हे ठाऊक असते, तिच्याकडेच जात आहो हेही ठाऊक असते, आणि म्हणून ती आली की मान आपोआप डोलते. तेच अंतर गवयाने नुसते घसा खाकरण्यात घालविले तर श्रोते उठून जातील, आणि त्यांना अरसिक म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

शिवाय या मालिकेलाच विलंबित उत्तम येते, हीच आमच्या तक्रारीची खरी नांगी आहे. २००५ साली दाखविलेले लुफी आणि उसोप यांचे भांडण आठवावे. त्यांचे पहिले लहान गलबत आता दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे. लुफी म्हणतो ते सोडावे लागेल. उसोपला ते सहन होत नाही, कारण ते त्याच्या गावाहून, त्याच्या मैत्रिणीने दिलेले आहे. आणि आपणही या मेळ्यातले असेच एक कुचकामी, जुने, टाकून देण्याजोगे फळकूट आहो, ही धास्ती त्याच्या मनात घर करून आहे. दोघे मित्र रात्री एकमेकांशी लढतात. त्या प्रसंगात घाई नाही. तो लांबतो, दुखतो, आणि संपल्यावर पुष्कळ वेळ बोलवत नाही. आमच्या ओसरीवर त्या दिवशी वर्तमानपत्र आणि मालिका दोन्ही बाजूस राहिली. पोस्टमास्तर फक्त एवढेच म्हणाले की त्यांचे व त्यांच्या धाकट्या भावाचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. ज्याने असे भाग पाहिले त्याला पुढे घामाचे थेंब मोजावयास लावले तर तो चिडणार नाही काय?

आता पात्रांविषयी. लांबलेल्या कथेत माणसे वाढतात, आणि माणसे वाढली की जुन्यांच्या वाट्याचे पान लहान होते. २०१७ च्या एप्रिलात सांजीच्या बळजबरीच्या लग्नाचे पर्व सुरू झाले. त्यासाठी लुफी, नामी, चॉपर आणि ब्रूक एका वाटेने गेले. झोरो, उसोप, रॉबिन आणि फ्रँकी दुसऱ्या. पर्व २०१९ च्या मार्चअखेर संपले. पोस्टमास्तरांचा जीव झोरोवर. त्याचे नाव त्यांच्या जिभेवर नीट बसत नसे, म्हणून ते त्याला तलवारवाला म्हणत. “अरे बाळा, आमचा तलवारवाला कोठे गेला?” हा प्रश्न त्यांनी भाच्याला त्या दोन वर्षांत किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. भाचा म्हणे, “आजोबा, तो पुढे गेला आहे.” पुढे म्हणजे किती पुढे, हे त्या पोराला सांगवत नसे.

पात्राला काही काळ पडद्याआड पाठविण्याचा लेखकाला अधिकार आहे, आणि तो फार जुना आहे. अर्जुन अस्त्रे मिळविण्यासाठी स्वर्गास गेला असता मागे राहिलेल्या पांडवांस बृहदश्व ऋषी नलदमयंतीची कथा सांगतो, आणि श्रोते अर्जुनाला विसरून दमयंतीसाठी डोळे पुसतात. व्यासांवर कोणी रागावल्याचे ऐकिवात नाही. सांजीचे पर्वही मुळात चांगले आहे. त्याने लुफीला लाथांनी तुडविण्याचा प्रसंग आणि पावसात भिजलेल्या डब्यातले अन्न लुफीने मिटक्या मारीत खाण्याचा प्रसंग, हे दोन्ही आम्ही या साऱ्या मालिकेतल्या पहिल्या दहांत धरू. परंतु मूळ कथेतील ७८ प्रकरणांची ती वाट येथे ९५ भागांची झाली. कथा ताणली की त्याबरोबर विरहही ताणला जातो. लेखकाने चार कोसांचा वियोग योजला, आणि प्रेक्षकाला तो सहा कोस चालावा लागला. म्हणून अमक्याला पुरेसा वाव नाही आणि गोष्ट पुढे सरकत नाही या तक्रारी आम्हांस निराळ्या वाटेनाशा झाल्या आहेत. गोष्ट आपल्या चालीने चालली तर दूर गेलेला मनुष्य केव्हा भेटेल याचा अंदाज मनुष्याचे मनच बांधते.

अर्थात सगळाच दोष ताणण्यावर ढकलून आम्ही लेखकाला मोकळे सोडणार नाही. २०१९ च्या जुलैत सुरू झालेले वानो देशाचे पर्व २०२३ सरता सरता संपले. चार वर्षांहून अधिक. या देशात सामुराई आहेत, त्यांचा मारला गेलेला सरदार ओदेन आहे, त्याचा पोर आहे, नऊ निष्ठावंत सेवक आहेत, शत्रूच्या पोटी जन्मून ओदेनचा भक्त झालेला यामातो आहे, आणि आभाळाएवढा काइडो आहे. ओदेनची पूर्वकथा सुंदर आहे; उकळत्या तेलात उभे राहून तो आपल्या माणसांना खांद्यावर तोलून धरतो तेव्हा आमच्याही अंगावर काटा आला. पण शेवटच्या महायुद्धात झोरोस एक प्रतिस्पर्धी मिळाला, सांजीस मिळाला, रॉबिनला, फ्रँकीला, जिंबेला मिळाला, नामीचाही एक निकराचा सामना झाला. आणि उसोपला स्वतःची म्हणावी अशी एकही झुंज मिळाली नाही. त्याने जखमी माणसांना पाठीवर घेऊन वाट काढली. ते काम लहान नाही हे आम्हांस मान्य आहे. तरीही ज्याच्या मनात आपण टाकाऊ आहो ही धास्ती आहे, त्यालाच कोपऱ्यात ठेवणे, आणि तेही त्या धास्तीविषयी एक शब्द न बोलता, हे आम्हांस लागले. नवी माणसे कितीही गोमटी असोत. ज्यांच्याबरोबर आपण घराबाहेर पडलो त्यांची खुशाली आधी विचारावीशी वाटते.

२०२० च्या वसंतात महामारीमुळे दोन महिने भाग आले नाहीत. त्या दोन महिन्यांत आमच्यापैकी कोणी कुरकुर केल्याचे आठवत नाही. रिकामा भाग पाहण्यापेक्षा भाग न पाहणे सोपे गेले, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले आणि मागाहून बरेच उपयोगी पडले. भाचा तोवर कॉलेजात गेला होता. आम्ही दोघे म्हातारे ओसरीवर पाहत असू आणि तो पुण्यास आपल्या खोलीत; मग रात्री फोन होई, आणि पोस्टमास्तर त्याला तलवारवाल्याची बातमी विचारीत, जणू काही तो तिकडेच भरती झाला होता.

पोस्टमास्तर २०२२ च्या श्रावणात वारले. त्या वेळी वानोचे युद्ध चालूच होते. झोरोची किंगशी झुंज अजून जुंपावयाची होती, आणि तिचा निकाल आमच्या पडद्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात लागला. भाच्यास तो २०२२ च्या आरंभीच ठाऊक होता, कारण मूळ कथेत ते प्रकरण तेव्हाच आले होते. त्याने तो आजोबांना सांगितला नाही. पाहण्याची मजा जाऊ नये म्हणून. नंतर एकदा फोनवर तो म्हणाला, “मामा, तुम्हांला काय वाटते, मी सांगावयास हवे होते का?” आम्ही म्हटले की त्यांनीच ऐकून घेतले नसते. आणि ते खरे आहे. त्यांनी कानावर हात ठेवले असते. परंतु त्या दिवसापासून कोणी म्हणाले की काय घाई आहे, गोष्ट कोठे पळून जाते, तर आम्ही गप्प बसतो. गोष्ट पळून जात नाही हे खरे आहे, पाहणारा जातो.

जे पाहणाऱ्याचे तेच करणाऱ्याचे. किझारू नावाच्या आरमारी सेनानीला उन्शो इशिझुका या नटाने पहिल्यापासून आवाज दिला होता. आळसावलेला, लांबट, मधेच हसू फुटेल असा तो आवाज कानात राहून जातो. हे पात्र पुष्कळ वर्षे केवळ भयंकर म्हणून वावरले. पुढे एगहेड बेटाच्या पर्वात त्याच्या वाट्यास खरे दुःख आले, जुन्या मित्राच्या जिवावर उठण्याचे. आणि त्या भागांत आवाज दुसऱ्या नटाचा आहे, कारण इशिझुका २०१८ च्या ऑगस्टमध्येच निवर्तले. नवा नट, र्‍योतारो ओकियायु, आपले काम नीट करतो. पण ज्याने नऊ वर्षे त्या माणसाचे हसू सांभाळले, त्याला त्याचे रडू मिळाले नाही. व्हाइटबिअर्ड या वृद्ध चांच्याचा आवाज किन्र्यू आरिमोतो २०१९ मध्ये गेले. फ्रँकीचे काझुकी याओ यांनी २०२४ साली आपण होऊन भूमिका दुसऱ्याच्या हाती दिली. लुफीचे बोलणे बोलणाऱ्या मायुमी तानाका बाई १९५५ च्या जन्माच्या. त्या अजून सतरा वर्षांच्या पोरासारख्या खिदळतात, आणि ते ऐकताना आनंदाबरोबर मनात एक आकडेमोडही चालू होते, ती थांबवता येत नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत. त्यांतील काही अपुऱ्याच राहिल्या, आणि शंभर वर्षांनंतरही वाचणारा शेवटच्या छापील पानाशी येऊन तसाच उभा राहतो. जपानात ‘बर्सर्क’चे कर्ते केंतारो मिउरा २०२१ मध्ये गेले, त्यांची कथा त्यांच्या मित्राने आठवणीवरून पुढे चालविली आहे.

अलीकडे मात्र काही बदलले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मालिकेने सहा महिन्यांची विश्रांती घेतली. त्या अवधीत मत्स्यमानव बेटाचे जुने पर्व, जे मूळ पन्नासांहून अधिक भागांचे होते, ते २१ भागांत बसवून पुन्हा दाखविले. म्हणजे रसिकांनी घरोघर जी कात्री चालविली तीच अखेर अधिकृत हातांनी चालविली. आणि त्याच ऑक्टोबरात ‘फॅन लेटर’ नावाचा एक स्वतंत्र, चोवीस मिनिटांचा भाग आला. मेगुमी इशितानी या बाईंनी तो दिग्दर्शित केला आहे. त्यात लुफी जवळजवळ नाहीच. नामीला एक पत्र द्यावयास निघालेली एक लहान मुलगी, बंदरावरचे शिपाई, दुकानदार, चांच्यांविषयी हुज्जत घालणारे लोक, अशी सारी बिननावाची माणसे. कोणास किती वाव यावर अहोरात्र वाद घालणाऱ्या मंडळींनी हा भाग डोक्यावर घेतला! आम्हांस त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्या चोवीस मिनिटांत एक क्षण असा नाही की जो कोणी तरी सांगावयाचा म्हणून सांगितलेला नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात तर असे जाहीर झाले की २०२६ पासून मालिका वर्षभर अखंड चालणार नाही. वर्षास अधिकांत अधिक २६ भाग, तेही दोन हप्त्यांत. भाच्याने लगेच पाटी काढली. तो आता बंगळुरास नोकरीस आहे, पण सवय गेलेली नाही. समजा एका भागात एक प्रकरण बसले, तर वर्षास २६ प्रकरणे. लेखक दर वर्षी याहून अधिक लिहितो. तेव्हा भाग वेगाने चालतील, पण मालिका कथेच्या मागे अधिकच पडेल आणि शेवट आणखी दूर जाईल. “मामा, आपण जे मागितले ते मिळाले, आणि गोष्ट लांबलीच,” तो म्हणाला. हिशेब बरोबर आहे. तथापि आम्हांस त्यात फसवणूक वाटत नाही. शेवट लौकर यावा ही आमची मागणी कधीच नव्हती. जो रविवार आमच्या वाट्यास येईल तो भरलेला असावा, एवढीच होती. उरलेल्या रविवारी आम्ही वर्तमानपत्र वाचू.

त्याच घोषणेत असे होते की २०२६ च्या एप्रिलपासून एल्बाफचे पर्व सुरू व्हावयाचे. एल्बाफ हे राक्षसांएवढ्या योद्ध्यांचे गाव. २००१ साली, म्हणजे भाचा जन्मण्याच्याही आधी दाखविलेल्या भागांत, उसोपला असे दोन महाकाय योद्धे एका बेटावर भेटले होते. त्यांचे युद्ध शंभर वर्षे चालू होते आणि त्यांच्या मनात भय कसे ते नव्हते. त्यांच्याकडे पाहत त्या भित्र्या पोराने म्हटले होते की एक दिवस मी तुमच्या गावी जाईन. त्यानंतर गलबत किती तरी बंदरांस लागले, त्याचे नाव पुष्कळदा मागे पडले, वानोत तर ते जवळजवळ पुसले गेले. आणि आता पंचवीस वर्षांनी ते गाव समोर आले आहे. मूळ कथेत हे पर्व २०२४ मध्येच सुरू झाले असल्यामुळे उसोप तेथे जाऊन काय करतो हे भाच्यास ठाऊक आहे. परवा फोनवर एल्बाफचा विषय निघाला तेव्हा तो क्षणभर घुटमळला. आम्ही त्याला काही विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.